दर गुरुवारी

दर गुरुवारी तौनो येतो. बुटांचा बर्फ
पायपुसण्यावर नीट झाडून
पेन्शनरांचं अर्ध्या दराचं तिकीट घेतो माझ्याकडून.
सत्तावीस पायऱ्या. वर तुर्कूची बस थांबते
तेव्हा खाली काचा किंचित थरथरतात.

खाली एक गल्ली आहे, दोन माणसं
अंग चोरून जातील एवढीच.
तळघरं, चुलीची काजळी, आणि एक वीट :
ओली असताना जिच्यावरून कुत्रं चालत गेलं.
शाळेची मुलं तिथेच झुंबड करतात
पंजाच्या ठशात बोटं घालायला.
हात लावू नका, म्हणते मी. लावतात.

तौनो तिथे रेंगाळत नाही.
तो थेट शेवटच्या भिंतीपाशी जातो,
जिथे कमान अर्ध्यावर तुटते.
पाटीवर लिहिलंय :
पुढचा भाग काळाच्या ओघात नष्ट.

एकदा जानेवारीत, कुणीच नव्हतं,
मी फेरी मारत होते, तर म्हणाला,
"पुढे दार होतं. कोनाड्यात
मातीचा दिवा, नाहीतर वाटी असेल.
आम्ही पाया खणत होतो.
अंधार लवकर पडतो ना आपल्याकडे.
मी यंत्राचा पंजा दुसऱ्यांदा उचलला,
मग थांबलो."

दुसऱ्यांदा.
मी काय बोलणार? हीटर गुरगुरत राहिला.

पाटीवरचा काळ माझ्यासमोर उभा होता,
नाक पुसत, हातमोजे शोधत.
बाकाखाली पडले होते. काढून दिले.

पुढच्या गुरुवारी त्याने
खिडकीत सुटे पैसे मोजून ठेवले,
पूर्ण तिकिटाचे.