वर नेली की बंद पडते

"टेबलावर छान चालते,
वर नेली की बंद पडते,"
म्हणत मी लांब दांड्याची करवत
मर्ल हेवर्डच्या शेडमध्ये आडवी ठेवली.
दार उघडंच राहिलं. इंजिन आत,
दांडा बाहेर, दंवात.
टास्मानियाचा जुलै. ह्युऑनवर धुकं बसलेलं,
सफरचंदाच्या ओळी उघड्यावाघड्या,
आणि डार्सीला मी शब्द देऊन बसलेला:
शुक्रवारपर्यंत सगळी छाटणी.

मर्लने करवतीकडे पाहिलंच नाही.
माझ्या खिशातला स्क्रूड्रायव्हर पाहिला.
"किती वेळा कान पिळलेस तिचे?"
मोजलं नव्हतं.
"एल? एच?"
दोन्ही.
"आणि हा तिसरा, टी?"
तोही.
"मग बिचारीला स्वतःचं नावही आठवत नसेल."

आधी टाकीचं झाकण काढून वास घेतला.
जुन्या व्हार्निशचा. गेल्या हंगामाचं पेट्रोल.
ते डब्यात ओतलं, डबा लांब ठेवला.
पाच लिटरला शंभर मिली तेल,
तिने मोजलं डोळ्यासमोर धरून,
औषध मोजावं तसं.

मग प्लग. "चहाच्या रंगाचा हवा,
दूध जरा जास्त झालेल्या.
हा बघ."
पांढराफटक होता, विझल्या चुलीतल्या राखेसारखा.
"वाराच पीत होती ही. पोटाला काही नाही."

स्क्रू मात्र तिने माझ्याकडूनच फिरवून घेतले.
"आत ने. टेकला की थांब. आवळू नकोस.
टेकणं आणि आवळणं यांतलं अंतर
डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं."
माझ्या बोटाला दोनदा कळलं नाही.
तिसऱ्यांदा काहीतरी कळलं.
"आता एक फेरा मागे. दोन्ही."

दोरी ओढली. चौथ्या ओढीला आली.
मर्ल डोळे मिटून उभी,
एक हात टेबलावर, लाकडातून ऐकत.
"किंचाळते ती उपाशी असते.
गुरगुरत धूर सोडते तिला अजीर्ण.
आपल्याला मधलं हवंय."
एल थोडा बाहेर, थोडा आत,
मग टी इतकाच, की इंजिन बोलत राहील
पण साखळी जागची हलणार नाही.
मी खूश. करवत उचलून
दांडा आभाळाकडे केला.
दोन ठोके, एक उचकी,
बंद.

मर्ल स्टुलावर बसली, गुडघे चोळत.
"आता खरी खोड सापडेल," म्हणाली.
वाकवलेल्या तारेने टाकीतून
तिने पेट्रोलची नळी बाहेर ओढली,
टोकाला इवलासा फिल्टर.
नळी ताठ. वाळक्या काटकीसारखी.
"दांडा वर गेला की पेट्रोल मागे सरकतं.
फिल्टरनं त्याच्यामागे जायला हवं, वजन असतं त्याला.
पण नळी वाकत नाही, मग तो पुढेच लटकतो
आणि हवा ओढतो.
आडवी असताना वाकायची वेळच आली नाही,
म्हणून तुला दोष दिसला नाही.
तू आपला कान पिळत बसलास."

बिस्किटांच्या डब्यात नळ्यांची भेंडोळी.
एक तुकडा, टोक तिरकं कापून,
थुंकी लावून, भोकातून आत.
मग रिकामी टाकी तिने
कानाशी धरून इकडे कलती केली, तिकडे कलती केली.
टक.
टक.
फिल्टर आता जाईल तिथे जात होता.

पैसे नको म्हणाली. शेडवर ओणवलेली
वठलेली फांदी तेवढी काढून दे.
मी वर केली. इंजिन कमरेशी, पातं आभाळात,
दोन काळे काकाकुवा कुरकुरत उडाले.
भुसा चष्म्यावर, कॉलरमध्ये, ओठांवर.
मर्ल वर बघत नव्हती,
दारात पाठमोरी, डोकं जरासं कललेलं.
फांदी पडली तरी वळली नाही.
"एच अजून पाव फेरा उघड," एवढंच म्हणाली.

मी खिसा चाचपला.
स्क्रूड्रायव्हर तिच्याकडे होता.
तिने स्वतःच येऊन तो पाव फेरा फिरवला,
आणि स्क्रूड्रायव्हर एप्रनच्या खिशात टाकून
आत निघून गेली.