खळ

एनफिल्ड लॉक, एक्कावन्न साल.
खळ दिलेल्या निळसर कापडावर
विनिफ्रेड ट्रॉट शाईने उतरवते
नवी रायफल, आखूड:
मॅगझिन मागे, घोडा पुढे.
‘एकदा तरी घोडा वरातीच्या आधी,’
फोरमन हसतो.

सात महिने. एका रेघेतही हात हलला नाही.

मग वरून चिठ्ठी:
काडतूस दोस्तांना पसंत नाही,
त्यांना दांडगं हवंय.
रद्द.

जाळायला काढलेल्यांतलं एक ड्रॉइंग
कोटाखालून घरी आलं.
उकळत्या पाण्यात खळ सुटली,
आत ताग निघाला, तलम, सायीसारखा.
बहिणीच्या तान्ह्याला टोपडं झालं.

शाई गेली, बहुतेक.
उजव्या कानापाशी तेवढी
एक स्प्रिंग राहिलीय, फिकट.
बाळ हसलं
की दबते.