पडताना पट्टा बघ

हॅलिफॅक्सच्या चढावर मेथडिस्ट चर्चखाली तळघर आहे,
तिथं दर मंगळवारी सात वाजता
मी पडायला जातो.
पैसे देऊन.

मॉरीन सग्डेन, वय अडुसष्ट, तीस वर्षं बस चालवली,
अजूनही स्टॉपवर उतरवावं तसं
माणसाला अलगद आपटते.

आधी रांग. पट्ट्यांच्या क्रमानं.
माझ्या उजवीकडे नेल हॉर्सफॉल, वय नऊ, पिवळा.
डावीकडे भिंत.
सत्तेचाळीस वर्षांत माझी जागा
इतकी नेमकी कुणी दाखवली नव्हती.

अण्णा मिरजेहून फोनवर हसले.
'आमच्या तालमीत कुठला आलाय पट्टा?
लंगोट आणि माती.
पाठ लागली तो हरला. विषय संपला.'
दहावीला मी शाळेत सहावा आलो
तेव्हा याच माणसानं विचारलं होतं,
वरचे पाच कोण?

इथं पहिल्याच दिवशी पाठ लावायला शिकवतात.
मागं जा, गोल हो, हातानं चटईला चापट मार,
आणि मॉरीन ओरडते,
'पट्टा बघ! पडताना स्वतःचा पट्टा बघ!'
नजर गाठीवर गेली की हनुवटी छातीला टेकते,
डोकं वाचतं.
पडलो तरी नाक वर, ही आमची रीत;
तशी पाळून पहिला आठवडा
गोळ्या खाण्यात गेला.

वाटायचं, रंगांचा हा धंदा आहे.
परीक्षेची फी अठरा पौंड, पट्ट्याचे वेगळे,
छापील कागदाचे आणखी वेगळे.
मग एकदा ओवेनपुढे उभा राहिलो.
तपकिरी पट्टा, शंभर किलो, धंद्यानं छपरं शाकारतो.
त्यानं माझ्या कमरेकडे पाहिलं, पांढरा,
आणि मला उचलून फेकताना
माझी बाही शेवटपर्यंत सोडली नाही.
बांधतो मी,
वाचतो तो.

डिसेंबरात नापास झालो.
डाव बरोबर टाकला, नाव आठवेना.
'तो मोठ्या पायाचा,' म्हणालो.
मॉरीननं पेन्सिलीनं 'मार्च' लिहिलं, चहा दिला.
नेलनं मला वर्गात शेपूट असतं तसं
जपून वागवलं.

फेब्रुवारीत रात्रपाळीला निघालो होतो,
लॅबमध्ये रक्ताचे नमुने थांबलेले.
उतारावर न दिसणारा बर्फ.
पाय गेले, आभाळ आलं,
आणि माझी नजर गेली
ओव्हरकोटच्या तिसऱ्या बटणाखाली,
जिथं मंगळवारी गाठ असते.
डबा उघडला, आमटी यॉर्कशरभर.
डोकं शाबूत.

मॉरीनला सांगितलं. 'छान,' म्हणाली,
'पण धरता येणार नाही. रस्त्यावर परीक्षक नव्हता.
रविवारी ये. अठरा पौंड आण.'
राग आला.
घरी जाताना, त्याच उतारावर, जरा बरंही वाटलं,
की घसरणं आणि पडणं यांत
फरक करणारं कुणी तरी आहे.

रविवारी गाठ बसेना, बोटं कापत होती.
नेल आली, न विचारता सोडली, पुन्हा बांधली,
दोन्ही टोकं ओढून सारखी केली,
मग आपल्या डावीकडची फरशी
पायानं दाखवली.

अण्णांना संध्याकाळी कळवलं.
'कुठला रंग?'
'लाल.'
बराच वेळ लाइनवर नुसता पंखा फिरत होता.
मग घसा खाकरून,
'मातीसारखा?'
'थोडा भडक.'
'लालला बसले किती?'
'मी एकटाच.'
'म्हणजे पहिला आलास.'

डावीकडे अजून भिंतच आहे,
हे मी सांगितलं नाही.