उरवाईचा चढ

पाठीतून सुई घालून
त्यांनी साडेसहाशे मिली पाणी काढलं,
गवती चहाच्या रंगाचं.
बाटलीकडे बघताना मनात आलं,
एवढं सगळं घेऊन मी धावत होते तर,
थेट वटपौर्णिमेपर्यंत.

लोकांना सांगितलं, न्यूमोनिया.
शिंद्यांच्या छावणीत, आमच्या गल्लीत
खरं नाव घेतलं की कपबशा वेगळ्या होतात.

सहा महिने गोळ्या.
उपाशीपोटी, पहाटे साडेपाचला,
म्हणजे बरोबर ज्या वेळी मी नाड्या बांधायचे.
लघवी केशरी, घाम केशरी,
एकदा रडले तर रुमालही केशरी.
ऋजुता म्हणाली, आई, तू आजारीसुद्धा
सणासारखी पडतेस.

गोळ्या संपल्या तेव्हा पेढे वाटावेत असं काही झालं नाही.
डॉक्टर म्हणाले, आता धावा की.
जसं आता जेवा की, आता निजा की.
कपाटाखालून बूट काढले.
डाव्यात झुरळाची अंडी, उजव्यात
कुठल्याशा शर्यतीची सेफ्टी पिन.
झटकले. परत ठेवले.
असं अकरा दिवस.

पाय दुखत नव्हते. छातीही नाही.
दुखलं असतं तर बरं, त्याच्याशी भांडता येतं.
पूर्वी माझ्यात एक हेकट बाई राहायची,
माझ्या आधी उठून मला उठवणारी.
औषधानं जंतू गेले
त्यांच्याबरोबर तीही गेली असावी.

बाराव्या दिवशी निघाले ते दूध आणायला.
पायात बूट, कारण चपलेचा अंगठा तुटलेला.
धुक्यामुळं पाकिटांची गाडी आली नव्हती.
रिकामी पिशवी घेऊन घरी काय जायचं,
म्हणून उरवाईकडे वळले.

चढाच्या तोंडाशी भदौरियाजी.
माकडटोपी, वरून मफलर,
वीज मंडळातून निवृत्त,
गुडघ्यांसाठी चढ उलटा चालणारे,
म्हणजे पाठ किल्ल्याकडे, तोंड माझ्याकडे.
मी धावायला लागले.
मी पुढं धावतेय, ते मागं चालतायत,
आणि आमच्यातलं अंतर तेवढंच.
इतकी लाज मला शाळेत अंगठे धरतानाही वाटली नव्हती.
इतकं हसूही आलं नव्हतं.

"बहनजी, वो खंभा मेरा लगाया हुआ है,
वहाँ तक तो आओ."

आले. गुडघ्यांवर हात टेकून थांबले.
कड्यात कोरलेले तीर्थंकर
धुक्यातून कमरेपर्यंतच दिसत होते.
त्यांना कसली घाई.

"अब वो वाला. छियासी में गाड़ा था,
नीचे पत्थर निकला, दो दिन लगे."

तिसऱ्या खांबाला, छातीत वारा उरला नव्हता तेव्हा
तोंडातून निघून गेलं,
टीबी झाला होता मला.
गल्लीत नाही, माहेरी नाही,
बोलले ती भदौरियाजींपाशी, तेही धापा टाकत.
ते उलटेच चालत राहिले.
"हुआ होगा. खंभा तो वहीं है."

चौथा.
मग खोकला. मग कठड्यावर बसकण.
घाम पुसून रुमाल उघडला:
पांढरा. साधा, मळका पांढरा.

दुसऱ्या दिवशी गेले नाही.
जिद्दीबिद्दीचं काही सांगत नाही, नाहीच गेले.
तिसऱ्या दिवशी गेले तर ते नव्हते.
दोन खांब धावले,
तिसऱ्याला पोटात कळ आली,
पाचवा नुसता चालत गाठला.
त्याच्यावर पिवळा आकडा, अर्धा पुसलेला,
आणि लोखंड असं गार
की तळहात दचकला.

उतरताना, आसपास कोणी नाही असं बघून
मीही उलटं चालून पाहिलं.
उतरत होते मी,
आणि समोर सबंध चढ.