बारा, सोळा, वीस

ऑर्व्हिलला मूठ हवी होती अक्रोडाची,
दोन्ही अंगांना बारीक चौकटी कोरलेली.
रबराची नको. रबर म्हणजे सायकलचं हँडल, म्हणाला.
खरं पिस्तूल त्यानं सत्तर सालीच परत केलं,
सही करून, नंबर मोठ्यानं वाचून.
हे त्याच वळणाचं, इथल्याच बाजारातलं;
गेली चाळीस वर्षं तो याला
त्या पहिल्यासारखं करत आलाय.

मुठीखाली दोरी अडकवायची कडी हवी.
"दोरी आहे का?" मी विचारलं.
"नाही. कडी हवी."

झेन्सव्हिलला, पुलापलीकडे, मिसेस टकेटचं दुकान.
पुढे मासे धरायचे गळ, रबरी बूट,
मागे काचेखाली सुटे भाग,
पुड्यांत बांधलेले, बियाण्यासारखे.

मला बरोबर नेलं कारण मला स्प्रिंग कळते.
बाप इचलकरंजीत माग दुरुस्त करायचा.
डोळे मिटून अंगठ्यानं दाबायचा आणि सांगायचा,
ही दिवाळी काढेल,
ही गणपतीसुद्धा बघणार नाही.
मी इथे फरशांच्या कारखान्यात
बत्तीस वर्षं साचे घासले. अंगठा तोच.

मिसेस टकेटनं तीन ठेवल्या.
बारा पौंडाची. सोळाची, म्हणजे मूळची. वीसची.
"बोटं आखडलेल्यांना मी बाराची देते,"
ती आवाज उतरवून म्हणाली,
"पोरसुद्धा खेचेल."
ऑर्व्हिल खिडकीशी होता,
कडी उजेडात धरून
ती कशासारखी तरी आहे का, बघत.

मार्चमध्ये रात्री अडीचला त्यानं माझं दार ठोठावलं.
अंगात पायजमा, पायात बूट, नाड्या नीट बांधलेल्या.
स्वयंपाकघरात कोणीतरी आहे.
फ्रिज होता.
मला तो "सार्जंट" म्हणाला,
आणि मी, काय करणार, "हो" म्हणालो.

मापात खोटं बोलू नये, बाप सांगायचा,
माग लगेच चुगली करतो.

मी वीसची उचलली.
पैसे मीच दिले.

त्याच्या टेबलावर बसवली.
तेल, जुना टूथब्रश, वर्तमानपत्राची घडी.
अक्रोड चढल्यावर ते देखणं दिसायला लागलं,
इतकं, की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं.

रिकामंच होतं. त्यानं वरचा भाग मागे ओढला.
पुन्हा ओढला. गाल थरथरला.
"नवी आहे," मी म्हणालो, "बसेल हळूहळू."
मग त्यानं ते माझ्यापुढे धरलं,
मूठ माझ्याकडे करून,
कधीकाळी कुणी शिकवलं असेल तसं.
"तू बघ."

मी ओढलं.
आलं असतं.
येऊ दिलं नाही.