हाताळणी

सावंतवाडीच्या शोरूममध्ये पंखा फक्त गाड्यांवर फिरत होता.
तो मुलगा, गळ्यात टाय, छातीवर 'सुजय धुरी',
माझ्या भाच्याशीच बोलत होता.
'दादा, मायलेज बघा. दादा, डिकी बघा.'
प्रज्योत म्हणाला, 'गाडी मावशेची आसा.'
मग तो माझ्याकडे वळला, आवाज थोडा चढवून,
जसं बहिऱ्या माणसाशी बोलतात.

'चालवणार कोण?'
'मीच.'
'शिकलात?'
'उभादांड्याच्या वाळूत. दोनदा पडून.'

त्याने कागद सरकवला. तळाशी एकच आकडा,
लाल पेनाने गोल केलेला:
एक लाख आठ हजार चारशे.
'ऑन रोड, मॅडम. सगळं धरून.'

सगळं धरून.
एकोणीस वर्षं काजूच्या कारखान्यात
सगळं धरून आलेलं मी टेबलावर ओतून घेते
आणि वेगळं करते.
अख्खा इकडे, पाकळी तिकडे, तुकडा खाली.
दोनशे दहा, दोनशे चाळीस, तीनशे वीस,
पौंडाला किती बसतील ते बोटांना आधी कळतं,
डोळे नंतर बघतात.
किडका असला तर नुसत्या वासाने.

'सुटं करून लिही.'
'मॅडम, सिस्टीममध्ये तसं…'
'कागदार लिही. सिस्टीमीक मगे सांगूया.'

लिहिलं त्याने.
गाडीची किंमत: अख्खी. तिला मी हात लावला नाही.
आरटीओ: सरकारचं. सरकार काय टेबलापलीकडे बसत नाही.
विमा: प्रज्योतने फोनवर तोच विमा
एकवीसशेने कमी दाखवला.
धुरी आतल्या केबिनीत गेला, घाम पुसत परत आला.
'बाराशे सोडतो.'
ठीक. पाकळी.
सीट कव्हर अकराशे, मॅट चारशे,
मागचा गार्ड तेराशे.
'सगळे घेतात, मॅडम.'
'सगळे घेतत म्हणानच माका नको.'
मॅट ठेवली. चिखल आपला स्वतःचा असतो.

आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात:
हँडलिंग चार्जेस, पंधराशे.
'ह्या काय?'
'म्हणजे… हाताळणी. गाडी गोडाउनमधून आणायची,
पुसायची, लावायची.'
'कोणाच्या हातांची?'

तो हसला.
मी दोन्ही हात काचेवर ठेवले.
ग्रेडिंगला येण्याआधी सहा वर्षं मी फोडायला होते.
बियांच्या तेलाने कातडी गेली, आली, परत गेली.
डाव्या अंगठ्याचा ठसा
बँकेच्या मशीनला अजून लागत नाही.
'ह्यांनी हाताळलेल्याचा बिल
मिया कधी कोणाक लावूक नाय.'

तो हातांकडे बघत राहिला,
काचेखाली ईएमआयचं पत्रक होतं, बहुधा तेही वाचत असेल.
मग ती ओळ खोडली. एकदा. मग पुन्हा, जोर देऊन.

प्रज्योत उठला. मीही.
तेव्हा तो टेबलावर वाकून, पहिल्यांदाच मालवणीत,
केबिनीकडे पाठ करून म्हणाला,
'गार्ड तेवढो ठेवा गो ताय.
पगार कमीच आसा. गार्डामागे माका दीडशे सुटतत.'

नगावर पैसे मिळणं मला कुणी समजावून सांगायला नको.
'ठेव.'
एक लाख चार हजार सहाशे.
प्रज्योत तुळसपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

घरी शालनवैनीने गाडीभोवती फेरी मारली,
आरशाला बोट लावून बघितलं, आकडा विचारला.
'फसवल्यान गो तुका!
माझ्या भावाक कणकवलेत तीन हजार कमी पडले.'

पडले असतील.
मी तिला मागे बसवलं
आणि बंदरापर्यंत नेऊन आणलं.
जाताना, येताना, एक शब्द नाही.
दोन्ही हातांनी गार्ड घट्ट धरून बसली होती.