शेवरीची ओळ

मंगळवारी साडेचारला ती चोपड्याच्या बसनं येते.
(इथं तिला वैजू म्हणते, नाव ते नाही.)
अमळनेरात मे महिना. मी कूलरमध्ये पाणी ओतून वळते
तोवर तिनं खुर्ची दाराकडे सरकवलेली असते.

मागच्या खेपेला डबा आणला होता,
कळण्याची भाकरी, ठेचा.
म्हणाली, आधीचे तिघं नुसते गोळ्या लिहिणारे,
तुम्ही एकट्याच ऐकता.
डबा घ्यायचा नाही, हे मी शिकले होते.
परत केलेल्या डब्याचा वास खोलीत किती वेळ राहतो
ते कुणी शिकवलं नव्हतं.

आज म्हणते, "तू बी तशीच शे. माले माहीत व्हतं."
मधे फक्त सात दिवस,
आणि रात्री दोननंतरचे अकरा फोन,
मी न उचललेले.

फाइलवर निदानाची तीन अक्षरं आहेत.
धुळ्याचा एक मित्र म्हणाला, अशी वर्षाला एकच घ्यावी.
मी हसले.
ते हसणं वहीत नोंदवलेलं नाही.
हेही नाही, की ती आली नाही त्या मंगळवारी
मला हायसं वाटलं,
आणि पाच मिनिटांनी मी
खिडकीतून स्टँडकडे बघत होते.

पाच वीसला, एक चप्पल पायात, एक हातात,
ती सांगते : काल विहिरीवर जाऊन बसले होते.
बाहेर कौतिकभाऊ थांबलेत, त्यांची झोप घेऊन.
"बस," मी म्हणते.
भावाला फोन लावते, तिच्यासमोर.
ती मला शिव्या देते, पण बसते.

मार्चमध्ये एकदा, भलतंच काही बोलताना, म्हणाली होती :
बाबांनी केळीला पश्चिमेकडून भिंत घातली.
वारा भिंतीवरून उडी मारून आत पडला,
दोनशे झाडं आडवी.
मग शेवरी लावली, फटीफटीची.
ती थोडा वारा येऊ देते.

आता ठरलंय : रात्री नऊला, दहा मिनिटं. दोनला नाही.
काल नऊच्या ठोक्याला वाजला.
ती काहीच बोलली नाही.
मागे मळ्यातली मोटार चालू होती,
लाइट रात्रीचीच असते तिकडे.
मी घड्याळ बघत होते, खोटं कशाला सांगू.
दहा मिनिटांनी म्हणाले, आता ठेवते.

बराच वेळ मोटारच.
मग, "ठेवा."